माळावरचा रस्ता मोडताना

अनाईस तिबादुइसाने कुंपणाची तार स्वतःच्या हाताने कापली, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर लोक ते विसरले.

त्या सकाळी आमच्या वस्तीखालच्या कोळशाच्या खाणीत गॅसचा स्फोट झाला. असे आवाज आम्हाला नवे नाहीत, दगड फोडायला सुरुंग लावतातच. पण हा आवाज वेगळा होता. खिडकीची काच थरथरली, गव्हाणीशी उभ्या असलेल्या माझ्या बैलांनी चघळणं थांबवून माना वर केल्या. थोड्या वेळाने खाणीच्या तोंडातून धूर निघाला आणि मग ते तोंडच ढासळलं. आत पाच माणसं होती.

माझं नाव एव्हेलियो. माझी बैलजोडी आहे, लोकांची बटाट्याची रानं नांगरून देतो. अनाईस माझी शेजारीण आणि माझ्या मुलीची धर्ममाता, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणते. नवरा वारल्यापासून ती एकटीच राहते. तिचं घर वस्तीत सगळ्यात वर. घराच्या वर तिचं कुरण आणि कुरणाच्या वर ओला माळ, ज्याला आम्ही पारामो म्हणतो. तिथलं शेवाळ पायाखाली गादीसारखं दबतं आणि दाबलं की त्यातून पाणी येतं. त्यात फ्रायलेहोनची झाडं उभी असतात, लोकरीसारख्या पानांची. वर्षभरात बोटाच्या पेराएवढीही वाढत नाहीत ती. माणसाएवढं झाड दिसलं तर समजायचं की ते आपल्या पणज्याच्या वेळचं आहे. त्या माळातलं पाणी झिरपत झिरपत अनाईसच्या घरामागे झरा होऊन निघायचं आणि नळीने आम्हा सगळ्यांच्या घरी यायचं. तिने आणि तिच्या नवऱ्याने त्या माळात कधी गाय सोडली नाही. शेजारी हसायचे, एवढा हिरवागार माळ नुसता बघायला ठेवलाय म्हणून.

तर बचाव पथकाचा प्रमुख टोपी हातात घेऊन तिच्या दारात आला. मोठ्या बाईला आम्ही आदराने दोन्या म्हणतो, तसंच तोही म्हणाला.

"दोन्या अनाईस, खाणीच्या तोंडातून आत जाता येत नाही. वरून बोअर मारावी लागेल. तुमच्या माळावरून."

"मारा की."

"यंत्र जड आहे. रस्ता काढावा लागेल."

"केवढा?"

"ट्रक जाईल एवढा. आणि वर यंत्र उभं करायला सपाट जागा."

"आत कोण कोण आहे?"

तो एकेक नाव सांगायला लागला. तिने सगळी ऐकूनही घेतली नाहीत. आत जाऊन पक्कड घेऊन आली. "फाटकातून तुमचा ट्रक वळायचा नाही," ती म्हणाली. "इथून कापते." आणि तिने कापली.

बुलडोझर कुरणातून वर चढला तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. ओल्या मातीत त्याचे पट्टे रुतायचे, मग तो आणखी खोल खरवडायचा. शेवाळ, फ्रायलेहोन, काळी माती, सगळं एकाच ढिगात उताराकडे लोटलं गेलं आणि त्यावर खालची पिवळी माती येऊन पडली. बुलडोझरवाल्याला मी दोष देत नाही. त्याला घाई करायला सांगितलं होतं, त्याने घाई केली. एक जुनं झाड मुळासकट आडवं झालं तेव्हा अनाईसने आपली लोकरी रुआना अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

पहिली बोअर चुकली, नुसत्या खडकात गेली. दुसरी बोगद्यात उतरली. प्रमुखाने सगळी यंत्रं बंद करायला लावली आणि लोखंडी पाइपवर हातोडा मारला, ठण ठण. मग खालून उत्तर आलं, बारीक, पण अगदी स्पष्ट. ज्यांची माणसं आत होती त्या बाया गुडघ्यांवर बसल्या. त्या पाइपातून हवा गेली, पाणी गेलं, गुळाचं गरम पाणी बाटल्यांत भरून दोरीने खाली सोडलं. आणि तोवर शेजारच्या खाणीच्या बोगद्यातून आडवं खणत पथक त्यांच्यापर्यंत पोचलं. दोघे जिवंत निघाले. उल्पियानो सेली आणि पंपावरचा एक म्हातारा, जो पुढे लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेला. बाकी तिघे बोगद्याच्या पुढच्या भागात होते. तिथे आग धुमसत होती, छत खाली येत होतं. अखेर सरकारी माणसांनी तो भाग भिंत घालून बंद केला. तिघांना बाहेर आणता आलं नाही. त्यांतला एक विल्मार, दरीपलीकडच्या दियोसेलिनाचा एकुलता मुलगा.

मग ट्रक गेले, तंबू गेले, पत्रकार गेले. खाणीचा मालक तर आधीच गायब झाला होता. माळावर राहिला रस्ता, सपाट केलेली जागा, यंत्राच्या चिखलपाण्याचा खड्डा आणि जमिनीतून वर आलेला तो पाइप.

पाऊस लागला तसा तो रस्ता रस्ता राहिला नाही, ओढा झाला. माळावरचं पाणी इकडेतिकडे मुरायचं ते सगळं चाकोरीत शिरून धावायला लागलं. नळाला पिवळं पाणी यायचं, फडक्याने गाळून घ्यायला लागायचं. मग पाऊस थांबला आणि झरा आटत गेला. आमच्या आठवणीत तो कधी आटला नव्हता.

अनाईस खालच्या दुकानात मीठ आणायला गेली होती तेव्हा दुकानदाराशी बोलता बोलता म्हणाली, की वरचा रस्ता बुजवायला हवा, नाहीतर माळ हातचा जाईल. मागे मेणबत्त्या घेणारी एक बाई उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "तीन घरांतली माणसं गेलीत, आणि हिला गवताचं पडलंय."

अनाईसने मीठ उचललं आणि निघून आली. त्यानंतर तिने कुणाजवळ माळाचा विषय काढला नाही. मी एकदा मुद्दाम काढला तर म्हणाली, "ती बाई खोटं नाही बोलली, कोंपाद्रे. मी अंथरुणावर पडले की मला विल्मार आठवायला हवा. मला शेवाळ आठवतं. आता याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी मी आणि उल्पियानो दोघे फावडी घेऊन वर गेलो. उल्पियानो पुन्हा खाणीत उतरायला तयार नव्हता. बंद खोलीतही त्याला बसवत नसे, जेवायचा तेसुद्धा उंबऱ्यावर बसून. त्याला मी माझ्याबरोबर नांगरटीला घेत होतो. आम्ही रस्त्यावर गवताचं बी टाकलं, निलगिरीची रोपं लावली. पहिल्याच जोराच्या सरीत बी धुऊन गेलं, आणि निलगिरी तर अनाईसने स्वतःच उपटून टाकली. "पाणी पिणारं झाड पाण्याच्या डोक्यावर लावता होय रे? दोघं पुरुष आणि एक अक्कल, तीपण घरी विसरून आलात."

मारित्सा आली ती त्यानंतर. प्रांताच्या पर्यावरण कार्यालयाची इंजिनिअर, वयाने माझ्या मुलीएवढी, पायांत तिच्या मापाहून मोठे गमबूट. आपत्तीच्या कामात बिघडलेली जमीन पूर्ववत करायची असते, असा नियम आहे म्हणे. मालक पळाला म्हणून काम कार्यालयाकडे आलं होतं. आम्हाला वाटलं होतं फोटो काढून जाईल. पण तिने पहार मागितली आणि रस्त्यात मारली. पहार टणकन उडाली. तिने चार हात बाजूला, शेवाळात मारली, तिथे ती मुठीपर्यंत गेली.

"ही जमीन दबलीय," ती म्हणाली. "यावर काही लावलं तरी मूळ आत जाणार नाही. आधी फोडायची. मग पाणी वळवायचं. झाडं सगळ्यात शेवटी."

"आणि काळी माती?" अनाईसने विचारलं. "ती तर गेली."

"गेली नाही. तिथे आहे." मारित्साने उताराच्या कडेचा ढीग दाखवला. "पिवळीच्या खाली गाडली गेलीय. ती खणून वर काढू, जेवढी निघेल तेवढी. दोन्या अनाईस, एक विचारू? पुन्हा अशी वेळ आली तर तार कापाल?"

"कापीन. पण बुलडोझरवाल्याला सांगीन, वरची काळी माती आधी एका बाजूला काढून ठेव. त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही."

"अशा वेळी कुणाला सुचतं?"

"माझी जमीन आहे. मलाच सुचायला हवं होतं."

मारित्साने आणखी एक गोष्ट केली. झरा का आटला हे तिला कोडं होतं, कारण रस्त्याने पाणी वाहून गेलं तरी सगळं जाणार नव्हतं. तिने पाइपाजवळच्या ओलसर खोलगट जागेत गुलाबी रंगाची पूड कालवून ओतली आणि आम्हाला ठिकठिकाणी लक्ष ठेवायला बसवलं. अनाईसच्या झऱ्यात काही उमटलं नाही. दोन दिवसांनी शेजारच्या खाणीतून बाहेर पडणारं पाणी गुलाबी झालं. म्हणजे माळाचं पाणी पाइपाच्या बाहेरच्या अंगाने सरळ खाली, डोंगराच्या पोटात चाललं होतं. ज्या बोअरने दोघांना वाचवलं तिच्यातून आमचा झरा गळत होता.

"ही बोअर सिमेंटने भरावी लागेल," मारित्सा म्हणाली. "सगळ्यात आधी तीच. काम वरून सुरू करून रस्ता मोडत मोडत खाली यायचं, नाहीतर शेवटी सामान न्यायला रस्ताच राहणार नाही."

मग अनाईसने तिला दियोसेलिनाबद्दल सांगितलं.

दियोसेलिना दर रविवारी त्या रस्त्याने वर यायची. गुडघ्यांनी अधू होती, पुतण्या मोटरसायकलवर आणून सोडायचा. ती पाइपाशेजारी दगडावर बसायची, वरचं झाकण काढायची आणि आत बोलायची. घरात काय शिजवलं, कोण आजारी आहे, कोंबडीने किती पिल्लं काढली, असलं काहीबाही. मग पाइपाला कान लावून बसायची. आमच्यातलं कुणी त्या वेळी तिकडे फिरकत नसे. उल्पियानो तर रविवारी वस्तीतच थांबत नसे.

बोअर बंद करणार ही बातमी तिच्यापर्यंत आमच्या आधी पोचली. सिमेंटची पोती वर नेली त्या सकाळी ती पाइपाला पाठ लावून बसलेली होती, रविवार नसताना.

"मला आधी गाडा," ती म्हणाली. "मग हे बुजवा."

मारित्सा पुढे होऊ लागली तर अनाईसने तिला हाताने थांबवलं आणि स्वतः दियोसेलिनासमोर ओल्या जमिनीवर बसली. दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं. आणि दुकानातलं ते बोलणं दोघींच्याही कानावर होतं.

"बसा तुम्ही," अनाईस म्हणाली. "तुम्हाला इथून कुणी उठवणार नाही. मी उठवू देणार नाही."

"गोड बोलू नको. तुला तुझं गवत परत हवंय."

"हवंय. खोटं कशाला सांगू? गवत हवंय आणि पाणी हवंय."

"आणि माझं काय? रस्ता नसेल तर मी येणार कशी? उडत?"

"माझ्या अंगणातून पायवाट आहे. चढ आहे, पण मध्ये बसत बसत येता येईल. दर वेळी माझ्या दारावरून जावं लागेल, एवढंच. माझं तोंड बघावं लागेल."

दियोसेलिना हसली नाही. बराच वेळ ती पाइपावर हात फिरवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी वेडी नाही, अनाईस. इतके महिने आत कुणी जगत नाही हे कळतं मला. पण आवाज येतो. टक, टक, टक. मी बोलले की थांबतो, मग पुन्हा येतो. पाऊस पडला की जास्त येतो. मला वाटतं पावसात त्याला थंडी वाजत असेल. तुला मूल नाही, तुला सांगून काय उपयोग? पण उल्पियानोने असंच वाजवलं होतं ना? तेव्हा तुम्ही सगळे ऐकत होतात. मग मला ऐकू येतं त्याचं काय?"

अनाईसने माझ्याकडे बघितलं, मी मारित्साकडे. ते पाणी होतं. पाइपाच्या कडेने उतरून खालच्या रिकाम्या बोगद्यात ठिबकत होतं. आम्हाला गुलाबी रंग दिसल्यापासून ते कळलं होतं, आणि आमच्यातल्या एकाचीही जीभ उचलत नव्हती.

अनाईसनेच शेवटी सांगितलं. सजवून नाही, रागानेही नाही. माळाचं पाणी इथून खाली जातं, रंग टाकून बघितला, पलीकडच्या खाणीतून बाहेर आला. पाऊस पडला की जास्त ठिबकतं. दियोसेलिना ऐकत होती आणि मान हलवत होती, नाही नाही अशी, एखाद्या लहान मुलीसारखी.

त्याच वेळी उल्पियानो वर आला. तो खाली बैलांपाशी होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, आणि ती तिथे आहे हे ठाऊक असताना तो येईल असं मला वाटलं नव्हतं. तो पाइपापासून थोडा लांबच उभा राहिला. टोपी काढून हातात चुरगळत होता.

"दोन्या दियोसेलिना, त्या दिवशी पाइपावर वाजवलं ते मी," तो म्हणाला. "टिकावाच्या दांड्याने. विल्मारने नाही."

"ते माहीत आहे मला."

"नाही, माझं ऐकून घ्या. विल्मार माझ्या पुढे होता, भरलेली गाडी ढकलत होता. गाणं म्हणत होता, ते त्याचं नेहमीचं. मग स्फोट झाला. मी शुद्धीवर आलो तेव्हा अंधार होता. मी हाका मारल्या. मग सरपटत गेलो. त्याचा हात लागला मला." तो थांबला. "मी तो धरून बसलो होतो. बराच वेळ. नंतर तो गार झाला. तेव्हा ही बोअर मारायला सुरुवातसुद्धा झाली नव्हती. मग तिथलं छत पडायला लागलं म्हणून पंपवाल्या म्हाताऱ्याने मला ओढून मागे नेलं."



"त्याला दुखलं का?" दियोसेलिनाने विचारलं.

"आवाज केला नाही त्याने. मी हाका मारत होतो, तो बोलला नाही. मला वाटतं त्याला कळलंच नसेल."

"हे मला आता सांगतोस? रविवारी येत होते ना मी इथे?"

"हो."

"का नाही आलास?"

"तुम्ही विचाराल, तू कसा वाचलास. त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आजही नाही."

मला वाटलं, आता शिव्या देईल, किंवा रडेल. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. "हात धरला होतास," ती म्हणाली, त्याला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग वळली, झाकण काढलं आणि पाइपाला कान लावला. आम्ही माना खाली घातल्या. बऱ्याच वेळाने ती उठली. अनाईसने हात पुढे केला, तो तिने घेतला, कारण गुडघे साथ देत नव्हते.

"पाणीच आहे," ती म्हणाली. "आता पाण्यासारखंच ऐकू येतं."

मारित्साने विचारलं, पाद्रीबाबांना बोलवायचं का. दियोसेलिना म्हणाली, "ते खाली खाणीच्या तोंडाशी येऊन प्रार्थना करून गेलेत. एकाच मुलाला किती वेळा पुरायचं?" सिमेंट कालवलं जात होतं तेव्हा ती दगडावर बसून होती. शेवटची बादली उल्पियानोच्या हातात होती. तिने हात पुढे केला, त्याने बादली तिच्याकडे नेली, दोघांनी मिळून ओतली. मग पाइप जमिनीखाली हातभर खोल कापला आणि वर माती ओढली.

नंतरचं काम लांबलचक आणि कंटाळवाणं होतं, तसंच ते असतं. मारित्साला पुन्हा यंत्र आणायचं नव्हतं, एकदा दबलेली जमीन आणखी दबली असती. म्हणून माझे बैल. लोखंडी फाळ लावून आम्ही रस्त्याची पाठ आडवी उभी फोडली. बैल इतके कधी दमले नव्हते. मी रोज संध्याकाळी त्यांच्या मानेला चरबी चोळायचो, आणि ते माझ्याकडे असे बघायचे की मीच लाजायचो. उताराच्या कडेची पिवळी माती फावड्याने बाजूला करून खालची काळी काढली. ती निघाली तेव्हा तिला आंबूस, जुना वास होता. अनाईसने मूठभर उचलून नाकाशी धरली आणि घमेल्यात टाकली. रस्त्यावर आडवे ओंडके टाकून, त्यांच्यामागे दगडमाती भरून बांध घातले, म्हणजे पाणी धावू नये. वरच्या चांगल्या माळातून शेवाळाची ढेपळं कापून आणली, पण एका जागेवरून एकच, मारित्सा त्याबाबत कडक होती. ती म्हणायची, एक जखम भरायला दुसरी करायची नाही. फ्रायलेहोनची रोपं तिच्या कार्यालयाच्या रोपवाटिकेतून आली, अंगठ्याएवढी, करड्या लवेची, उंदराच्या पिल्लांसारखी.

वस्तीतले लोक सुरुवातीला बघायला आले, मग हात लावायला. दुकानातली ती मेणबत्त्यांवाली बाईसुद्धा एक दिवस उकडलेले बटाटे घेऊन वर आली. अनाईसने तिला बसायला पोतं अंथरून दिलं. दोघी हवापाण्याबद्दल बोलल्या.

आमचे पाय ओल्या मातीत असताना मी एकदा मारित्साला विचारलं, "हे पहिल्यासारखं कधी होईल?"

"तुमच्या डोळ्यांसमोर नाही," ती म्हणाली. "माझ्याही नाही. पाणी मात्र आधी येईल."

पाणी आलं, पण जुन्या जागी नाही. झऱ्याच्या बरंच खाली, कुरणाच्या टोकाला, एका खडकाखाली जमीन ओली राहायला लागली. आम्ही तिथे दगडाचं कुंड बांधलं आणि नळी जोडली. धार पूर्वीच्या निम्मीही नाही. कपडे धुवायला बायकांना अजून ओढ्यावर जावं लागतं. प्यायला पुरतं. अनाईसच्या घरामागचा झरा कोरडाच आहे, तिने तिथे कांदे लावलेत.

उल्पियानो आता मारित्साच्या रोपवाटिकेत कामाला जातो, उघड्यावरचं काम म्हणून. दियोसेलिना दर रविवारी येत नाही. जमेल तेव्हा पायवाटेने येते, अनाईसच्या दारात थांबते, गुळाचं पाणी पिते आणि गूळ कमी झालाय म्हणून नावं ठेवते. दोघी मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही. एकदा अनाईस मला म्हणाली, "ही बाई माझ्या घरात बसून मला शिकवते. आणि गंमत म्हणजे आली नाही की मी वाट बघते."

गेल्या ऑक्टोबरात सलग पाऊस लागला आणि भरलेल्या रस्त्याचा एक तुकडा, वळणापाशी, सरकला. सकाळी बघतो तर तीन बांध मोडलेले आणि लावलेली रोपं चिखलात उलटीपालटी. मी निरोप कुणाला पाठवला नव्हता, तरी दुपारपर्यंत सगळे फावडी घेऊन आले. दियोसेलिना सगळ्यांच्या नंतर पोचली, स्कर्ट गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेला, हातात काठी. आल्या आल्या उल्पियानोला म्हणाली, "अरे, असं लावतात का? मान मोडशील त्याची. खड्डा मोठा कर, मोठा. रोज हेच काम करतोस ना तू?"

"मग तुम्हीच लावा," तो म्हणाला.

"लावते. सरक बाजूला."

ती खाली बसली आणि लावायला लागली. तो चिखलातून रोपं शोधून, बोटांनी पुसून, तिच्याकडे देत होता. अंधार पडेपर्यंत आम्ही सापडली तेवढी परत लावली. त्यातली निम्मी जगली. उरलेल्या जागांसाठी मारित्सा नवी रोपं वाढवतेय, आमच्याकडे एप्रिलमध्येही पाऊस असतो, तो लागला की ती लावायला वर जायचं आहे.